फोटो प्रिंटरसाठी नवा, महागडा स्पेक्ट्रो घ्यावा का? पैसे टाकण्याआधी घरीच करायच्या चाचण्या

"प्रिंट हिरवट मारतंय. जुनं कलरमंकी विकून आयवन-प्रो घेऊ का?" लग्नाचा सीझन उरकला आणि हातात थोडे पैसे खुळखुळायला लागले की हा प्रश्न हमखास येतो. दोन्ही स्पेक्ट्रो, म्हणजे छापलेला रंग आकड्यांत मोजणारी यंत्रं; कलरमंकी साधं, आयवन-प्रो महागडं. विचारणाऱ्यांत पेठेतल्या घरी सहा शाईंच्या एपसनवर अल्बमची पानं छापणारे असतात, प्रदर्शनासाठी कॉटन पेपर वापरणारे हौशी असतात आणि दोन-तीन प्रिंटर चालवणारे स्टुडिओवालेही असतात. माझं उत्तर सगळ्यांना एकच असतं: रंग नेमका कुठे बिघडतोय ते आधी शोधा, यंत्राचं मग बघू. मोजायचं यंत्र बदलून सुटतात अशा तक्रारी थोड्याच आहेत. पण त्या खऱ्या आहेत, आणि तुमची तक्रार त्यांत बसते का हे घरच्या घरी ताडून बघता येतं. एक पाकीट कागद आणि एखादा आठवडा हाताशी ठेवा.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करू. आयसीसी प्रोफाईल ही चार गोष्टींची मिळून केलेली नोंद असते: हा प्रिंटर, ही शाई, हा कागद आणि ड्रायव्हरमधलं (प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रॅममधलं) हे मीडिया सेटिंग, म्हणजे कागदाचा प्रकार. प्रिंटरला ठरावीक आकडे पाठवले की कागदावर कोणता रंग उमटतो ते मोजायचं, आणि त्यावरून 'हा रंग हवा असेल तर कोणते आकडे पाठवायचे' असा उलटा तक्ता तयार करायचा. चारांपैकी एक जरी बदललं तरी तक्ता खोटा पडतो. कागद तोच ठेवून मीडिया सेटिंग 'प्रीमियम ग्लॉसी'वरून 'मॅट' केलंत, तर किती शाई पडते हेच बदलतं, मग यंत्र कितीही भारी असो.

पायरी १: ज्या तक्रारींशी प्रोफाईलचा संबंध नाही, त्या बाजूला काढा

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे 'प्रिंट काळं येतं'. दहांतल्या नऊ वेळा दोष मॉनिटरचा असतो. नवा मॉनिटर दुकानातून येतो तेव्हा त्याचा उजेड कागदाच्या मानाने कितीतरी जास्त असतो. त्यावर बघून फोटो बेताचा उजळ केला की कागदावर तो अंधारा दिसणारच. मॉनिटर ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटरच्या दरम्यान आणा. त्यासाठी स्क्रीनचा रंग आणि उजेड मोजणारा साधा कलरीमीटर पुरतो आणि तो प्रिंटच्या स्पेक्ट्रोपेक्षा पुष्कळ स्वस्त असतो. ज्याच्याकडे मॉनिटरचंच कॅलिब्रेशन नाही, त्याने पुढचा लेख वाचायच्या आधी तिकडे पैसे घालावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी तक्रार: सगळं प्रिंट गुलाबी किंवा भडक. इथे बहुधा रंग दोनदा सांभाळले जात असतात, एकदा फोटोशॉपमध्ये प्रोफाईल लावून आणि पुन्हा ड्रायव्हरमध्ये. फोटोशॉपकडे काम दिलं असेल तर ड्रायव्हरमधलं कलर मॅनेजमेंट बंदच हवं.

तिसरी म्हणजे पट्टे आणि ग्रेडियंटमधल्या रेघा. नोझल चेक, म्हणजे शाईची सगळी छिद्रं चालू आहेत का ते दाखवणारं पान, काढा. एका रंगाची दोन-तीन नोझल बंद असतील तर राखाडी रंग सरकतो आणि माणूस प्रोफाईलला बोल लावतो.

चौथी जरा फसवी असते. दुकानातल्या एलईडीखाली प्रिंट छान दिसतं, घरी नेल्यावर गिऱ्हाईक म्हणतं 'तोंडं पिवळी दिसतायत'. वेगवेगळ्या उजेडात एकाच शाईचा रंग वेगळा दिसतो, आणि प्रोफाईल एकाच प्रमाणित उजेडासाठी, डी-५० साठी बनवलेलं असतं. म्हणून प्रिंट तपासायची एक जागा ठरवून ठेवा. चांगल्या सीआरआयची, म्हणजे रंग खरे दाखवणारी, ५००० केल्विनची ट्यूब उत्तम. ती नसेल तर उत्तरेकडची खिडकी आणि सकाळी अकराची वेळ चालेल, पण शेजारी रंगीत पडदा किंवा रंगीत भिंत नको. जुलैतल्या ढगाळ दुपारी ठरवलेला रंग मे महिन्यात वेगळाच दिसतो, हे खिडकीवर विसंबणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

शेवटची तक्रार लग्नाचं काम करणाऱ्यांची: राणी रंगाचा शालू किंवा काही सिंथेटिक साड्या फोटोतच चुकीच्या येतात. काही रंगद्रव्यं उजेडात स्वतः चमकतात आणि कॅमेरा तो रंग डोळ्यासारखा टिपत नाही. स्क्रीनवरच साडी चुकीची दिसत असेल, तर प्रिंटरचं कुठलंही प्रोफाईल ती बरोबर करणार नाही. तिथे एडिटिंगमध्येच हात घालावा लागतो.

पायरी २: एक चांगलं टेस्ट प्रिंट काढा आणि नीट बघा

आता कागद बनवणाऱ्या कंपनीने तुमच्या प्रिंटरसाठी दिलेलं तयार प्रोफाईल उतरवून घ्या. हानेमूले, कॅन्सन यांच्यासारखे कागदवाले ही प्रोफाईल फुकट देतात आणि सोबत कोणतं मीडिया सेटिंग ठेवायचं तेही लिहून देतात. ती ओळ वाचल्याशिवाय प्रोफाईल लावू नका. त्वचा, फळं, राखाडी पट्टी आणि गडद छाया असलेली एखादी प्रमाणित टेस्ट इमेज घ्या. शेजारी स्वतःचा एक फोटो ठेवा. माझ्या पसंतीच्या फोटोत हळदीने माखलेले गाल, मोरपंखी पैठणी आणि जरीचा काठ असतो, कारण प्रिंटर जिथे जिथे अडखळतो त्या सगळ्या जागा त्यात एकदम मिळतात.

प्रिंट ठरवलेल्या उजेडात धरा आणि आधी राखाडी पट्टीकडे बघा. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या पायऱ्या सगळ्या सारख्याच थंड किंवा सारख्याच उबदार असतील तर चिंता नाही, डोळा त्याला सरावतो. पण वरच्या पायऱ्या हिरवट, मधल्या गुलाबी आणि खालच्या परत हिरवट अशी वळणं दिसली, तर तयार प्रोफाईल तुमच्या प्रिंटरशी जुळत नाही. मग स्वतःचं प्रोफाईल लागेलच. ते कोणत्या यंत्राने करायचं हा पुढचा प्रश्न.

मग हळद बघा. गालाच्या उजेडाकडच्या बाजूला पिवळ्याच्या छटा एकमेकींत मिसळून सपाट डाग झालाय, की हळदीचा थर कुठे जाड आणि कुठे पातळ हे अजून कळतंय? सपाट झाली असेल तर रेंडरिंग इंटेंट (कागदावर न मावणारे रंग कसे बसवायचे ते ठरवणारा पर्याय) रिलेटिव्हवरून परसेप्च्युअल करून दुसरं प्रिंट काढा. मोरपंखी फिका पडत असेल तर तो त्या कागदावर मावतच नसेल, आणि मॅट कागदावर तर असं सर्रास होतं. सॉफ्ट प्रूफ (प्रिंट कसं येईल ते स्क्रीनवर दाखवणारी सोय) लावून गॅमट वॉर्निंग (न मावणाऱ्या रंगांवरची खूण) बघितली की लगेच कळतं. गडद निळा जांभळ्याकडे झुकतो, त्यामागे बऱ्याचदा प्रोफाईल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरची गणितं असतात. यंत्र बदलून तो निळा होत नाही, सॉफ्टवेअर बदलून कधीकधी होतो.

पायरी ३: प्रिंटर स्वतः किती सरकतो ते मोजा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि निर्णय खरा इथेच होतो.

तुमच्याकडे जुनं कलरमंकी, आयवन-स्टुडिओ किंवा कलरचेकर स्टुडिओ असेल तर ते काढा. नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून दोन दिवस मागून आणा. आर्गिल सीएमएस हे ग्रॅम गिल यांनी लिहिलेलं मुक्त सॉफ्टवेअर उतरवून घ्या. ते ही सगळी यंत्रं चालवतं. विंडोजवर त्याचा वेगळा ड्रायव्हर बसवावा लागतो. सगळं काम कमांड टाईप करून होतं, पण मोजक्याच कमांड आहेत: टारजेन पॅच, म्हणजे मोजायचे रंगाचे चौकोन, ठरवतं, प्रिंटटार्ग चार्टचं पान बनवतं, चार्टरीड यंत्राने वाचतं आणि कॉलप्रॉफ प्रोफाईल तयार करतं.

दोनशेच्या आसपास पॅचचा चार्ट बनवा. तो कलर मॅनेजमेंट पूर्ण बंद ठेवून छापायचा. फोटोशॉपमधून 'नो कलर मॅनेजमेंट' हा पर्याय २०१० च्या सीएस-५ पासून गेला, म्हणून अडोबीनेच 'कलर प्रिंटर युटिलिटी' नावाचा छोटा प्रोग्रॅम दिला. तुमच्या कॉम्प्युटरवर चालत असेल तर तो वापरा. चार्ट सुकू द्या. डाय (विरघळलेल्या रंगाची) शाई आणि ग्लॉसी कागद असेल तर पूर्ण २४ तास, पिगमेंट (बारीक कणांची) शाई आणि कॉटन असेल तर निदान रात्रभर. पावसाळ्यात मी यात कधीच घाई करत नाही.

सुकलेला चार्ट दोनदा वाचा आणि दोन्ही फाईली आर्गिलच्या कॉलव्हेरिफायने ताडून बघा. इथे दिसणारा फरक यंत्राचा. मग तोच चार्ट आठवड्याने पुन्हा छापा, तितकाच वेळ सुकवा, वाचा आणि पहिल्याशी ताडा. आता दिसेल तो फरक मुख्यतः प्रिंटरचा. फरक डेल्टा ई २००० मध्ये, म्हणजे दोन रंगांतलं अंतर सांगणाऱ्या मापात बघा. साधारण १ च्या आतला फरक शेजारी शेजारी धरूनही डोळ्याला जेमतेम कळतो, राखाडीत मात्र त्याहून कमीही कळतो.

माझा ठोकताळा सांगतो. यंत्राचा सरासरी फरक ०.३-०.४ च्या आत आणि प्रिंटरचा १ च्या आत असेल, तर तुमचं जुनं यंत्र ठणठणीत आहे आणि प्रिंटरही शहाणा आहे. प्रिंटरच आठवड्यात सरासरी दोनने सरकत असेल, तर दीड लाखाचा स्पेक्ट्रो त्या सोमवारचं अगदी अचूक प्रोफाईल बनवून देईल आणि पुढच्या सोमवारी ते चुकलेलं असेल. अशा वेळी आधी शाईकडे बघा. सुट्या बाटल्यांची 'कंपॅटिबल' शाई दर लॉटला बदलते. एपसन एल-८०५ मध्ये ६७३ किंवा एल-८०५० मध्ये ०५७ ही कंपनीचीच शाई घालून ही चाचणी पुन्हा केलीत, तर बऱ्याचदा आकडा खाली येतो आणि सगळा प्रश्नच मिटतो.

दुसरी गोष्ट कागदाची साठवण. पुण्यात एप्रिल-मे कोरडे ठणठणीत आणि जुलैत भिंतींना ओल, अशा दोन टोकांच्या हवेत कागद उघडा पडला की शाई शोषून घेण्याची त्याची रीत बदलते. उघडलेलं पाकीट झिपच्या पिशवीत, सिलिका जेलसकट ठेवा. शक्य असेल तर हीच चाचणी एकदा उन्हाळ्यात आणि एकदा ऑगस्टात करा. दोन्हींत मोठा फरक पडला तर दोन ऋतूंची दोन प्रोफाईल ठेवणं हा उपाय आहे, आणि त्याला नवं यंत्र लागत नाही.

पायरी ४: जुन्या यंत्रातून सगळं काढून घ्या

कलरमंकीचं मूळ सॉफ्टवेअर ५० पॅचचं एक पान छापतं, ते वाचून त्यावरून आणखी ५० पॅचचं दुसरं पान बनवतं. शहाण्या प्रिंटरला १०० पॅच बरेच पुरतात. पण गडद छायांत आणि राखाडीत वळणं असतील तर कमी पडतात. लोक इथेच यंत्र कमी पडतंय असं समजतात, कमी मात्र पॅच पडलेले असतात. आर्गिलमधून ४००-५०० पॅचचा चार्ट त्याच यंत्राने वाचता येतो. पहिलं प्रोफाईल टारजेनला दिलं की ते पॅच गरजेच्या जागी दाट पेरतं. कलरमंकीला पॅच मोठे लागतात, त्यामुळे कागद जास्त जातो आणि एक दुपार मोडते. राखाडी पायऱ्या मुद्दाम जास्त टाका.

नव्या मॅकवर जुनं सॉफ्टवेअर चालेनासं झालं म्हणून यंत्र भंगारात काढणारेही भेटतात. काढू नका, आर्गिलमध्ये ते चालतं. स्पायडरप्रिंट हे मोजायचं यंत्र असणाऱ्यांना मात्र ही वाट नाही, कारण आर्गिल ते यंत्र ओळखत नाही. त्यांनी नव्या यंत्राचा विचार इतरांपेक्षा लवकर करायला हरकत नाही.

नव्या प्रोफाईलने पायरी २ चं प्रिंट परत काढा आणि जुन्याच्या शेजारी ठेवा. समाधान झालं तर इथेच थांबा. वाचलेल्या पैशांतून चांगला कागद आणा.

पायरी ५: महाग यंत्र जिथे खरोखर उपयोगी पडतं

पहिली जागा पांढऱ्याशुभ्र कागदांची. ग्लॉसी, लस्टर आणि स्वस्त मॅट कागदांत उजळपणासाठी ऑप्टिकल ब्राइटनर घातलेले असतात. अतिनील किरण पडले की ते निळसर चमकतात. यंत्राच्या दिव्यात अतिनील किती आहे त्यावर कागद किती निळा 'दिसला' हे ठरतं. जुन्या पद्धतीच्या एम-० मोजमापात कागद निळा धरला जातो आणि त्याची भरपाई म्हणून प्रोफाईल राखाडीत पिवळेपणा घालतं. आयएसओ १३६५५ या मानकाच्या २००९ च्या आवृत्तीने एम-०, एम-१, एम-२ अशा अवस्था ठरवून दिल्या: एम-१ मध्ये डी-५० इतकं अतिनील, एम-२ मध्ये अतिनील गाळलेलं. कलरमंकीच्या एलईडी दिव्यात अतिनील नसतंच, त्यामुळे त्याचं मोजमाप एम-२ च्या जवळ जातं. आयवन-प्रो २ (२०१२) दोनदा फिरवून एम-१ आणि एम-२ देतं, आयवन-प्रो ३ (२०१९) तिन्ही अवस्था एकाच फेरीत वाचतं.

तुम्हाला यातलं काय हवं ते प्रिंट लागणार कुठे यावरून ठरतं. घरातल्या एलईडीत अतिनील जवळपास नसतं आणि अतिनील अडवणाऱ्या काचेमागेही ब्राइटनर झोपतात. तिथे एम-२ योग्य, म्हणजे जुनं कलरमंकीच पुरे. प्रिंट दिवसाच्या उजेडात, काचेशिवाय बघितलं जाणार असेल तर एम-१ चा फरक दिसतो. बालगंधर्वच्या किंवा घोले रोडच्या कलादालनात प्रदर्शन लावायचं असेल, तर आधी एक छोटं प्रिंट घेऊन तिथे जा आणि त्यांच्या दिव्याखाली धरून बघा. ब्राइटनर नसलेला कॉटन कागदच वापरत असाल तर या सगळ्या परिच्छेदाची तुम्हाला गरज नाही.

दुसरी जागा कॅनव्हास आणि खरखरीत कॉटन. छोट्या छिद्राचं यंत्र विणीच्या उंचवट्यांवरून आणि खळग्यांवरून वेगवेगळे आकडे आणतं. आयवन-प्रो ३ प्लसचं छिद्र ८ मिलिमीटरचं आहे आणि ते ध्रुवीकृत एम-३ मोजमापही, म्हणजे चकाकी गाळून केलेलं, देतं. कॅनव्हासचं काम रोजचं असेल तर ते यंत्र योग्य आहे. वर्षातून चार कॅनव्हास काढत असाल तर तोच चार्ट तीनदा वाचून सरासरी घ्या, काम भागतं.

तिसरी जागा वेळेची. शाळेच्या फोटोंचा, कॅलेंडरांचा धंदा आहे, तीन प्रिंटर आणि आठ कागद आहेत, दर लॉटला प्रोफाईल लागतं, तर हजारेक पॅचचा चार्ट काही मिनिटांत वाचणारं यंत्र मजुरीच वाचवतं. रंगात सुधारणा झाली नाही तरी अशांनी ते घ्यावं.

ब्लॅक अँड व्हाईटसाठी मात्र यंत्र वाढवू नका. एपसनच्या अ‍ॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाईट मोडमध्ये रंगीत प्रोफाईल लागत नाही आणि राखाडीची पट्टी जुना स्पेक्ट्रोही वाचतो. लॅबमध्ये नोरित्सु किंवा फ्रंटियर या मोठ्या फोटो मशिनांवर छापून घेणाऱ्यांनी तर यात पडूच नये. एसआरजीबी (नेहमीच्या, सर्वसाधारण रंगपद्धतीतली) फाईल पाठवा, लॅबचं प्रोफाईल मिळालं तर सॉफ्ट प्रूफ बघा आणि त्यांना ऑटो करेक्शन बंद ठेवायला सांगा.

पायरी ६: हिशोब मांडा

बाहेरून प्रोफाईल बनवून घेणं हा मधला रस्ता लोक विसरतात. प्रोफाईल बनवून देणारे चार्टची फाईल देतात, तुम्ही छापून, सुकवून, मध्ये पातळ कागद घालून सपाट पाठवायचं, ते प्रोफाईल ईमेल करतात. समजा नवं यंत्र १,५०,००० रुपयांना पडतं आणि एक प्रोफाईल ३,००० ला (आकडे उदाहरणादाखल, खरे दर विक्रेत्याकडून घ्या). म्हणजे ५० प्रोफाईलपर्यंत बाहेरचं स्वस्त. तुमचे कागद किती, शाई बदलते किती वेळा, प्रिंटर किती वर्षं टिकेल, हे मांडून वर्षाला किती प्रोफाईल लागतात ते काढा. दोन कागदांवर ठरावीक शाईने छापणाऱ्याला वर्षाला चारही लागत नाहीत. जुन्या यंत्राची विकून येणारी किंमतही हिशोबात धरा, पण ते मॉनिटरसाठीही वापरत असाल तर विकण्याआधी दोनदा विचार करा.

पायरी ७: घ्यायचं ठरलंच, तर

आधी परवाना तपासा. आयवन-प्रो हे यंत्र वेगवेगळ्या पॅकेजमध्ये विकलं जातं आणि सॉफ्टवेअरमधली दारं पॅकेजप्रमाणे उघडतात. 'बेसिक' पॅकेज मॉनिटरपुरतं असतं, 'फोटो'मध्ये आरजीबी (लाल-हिरवा-निळा असे आकडे घेणारा) प्रिंटर येतो, सीएमवायके (चार शाईंचे आकडे घेणाऱ्या) प्रिंटरसाठी 'पब्लिश' लागतं. स्वस्तात मिळालं म्हणून बेसिक घेतलंत, तर प्रिंटरचं प्रोफाईल आर्गिलमधूनच बनवावं लागेल. तुम्ही पायरी ४ मध्ये आर्गिल शिकलेले असाल तर मात्र हाच सौदा फायद्याचा ठरतो. फोटो प्रिंटरचा नेहमीचा ड्रायव्हर आरजीबीच घेतो, त्यामुळे घरगुती छपाईवाल्याने सीएमवायकेसाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत.

सेकंडहँड घेताना यंत्राचा सिरीयल नंबर आणि सोबतच्या पांढऱ्या कॅलिब्रेशन टाईलवरचा नंबर एकच आहे का ते बघा. टाईल त्या त्या यंत्रासाठी मोजलेली असते, दुसऱ्याची चालत नाही. टाईलवर ओरखडा किंवा पिवळेपणा असेल तर हात जोडून परत या. विक्रेत्यासमोरच, तुमचा पायरी ३ मधला सुकलेला चार्ट त्या यंत्राने दोनदा वाचून घ्या. लॅपटॉप सोबत न्या, आर्गिल आधीच बसवून ठेवा. दोन वाचनांतला सरासरी फरक तुमच्या जुन्या यंत्राहून जास्त आला, तर किंमत कितीही पाडून सांगितली तरी घेऊ नका.

नवं कोरं घेतलंत तर परत करण्याची मुदत संपायच्या आत तोच चार्ट वाचा आणि त्याच कागदाचं प्रोफाईल बनवा. हळदीचा फोटो तिन्ही प्रोफाईलने छापा: कंपनीचं तयार, जुन्या यंत्राचं आणि नव्याचं. मागच्या बाजूला पेन्सिलीने खुणा करा आणि घरातल्या कुणाला तरी, कोणतं कुठलं ते न सांगता, खिडकीपाशी लावायला सांगा. जुन्याचं आणि नव्याचं तुम्हाला वेगळं ओळखता आलं नाही, तर बिल आणि खोकं जपून ठेवलेलं असू द्या आणि मुदतीत यंत्र परत करा.